गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं कसं आणि मुख्य म्हणजे बाहेर कधी पडायचं

मी पहिल्यांदा गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या स्पाला गेले तेव्हा यात शिकण्यासारखं काय असणार असंच वाटलं होतं, पाणी गरम आहे, आत बसायचं, कंटाळा आला की निघायचं. प्रॉब्लेम असा झाला की कंटाळा आलाच नाही. ४० मिनिटं गळ्यापर्यंत पाण्यात बसून होते, बोटांची टोकं पार सुरकुतली होती, आणि मग एकदम आठवलं की बाहेर सगळे वाट बघतायत म्हणून झटक्यात उभी राहिले आणि दोन पायऱ्या चढले. तिसरी पायरी मला आठवत नाही. समोरची भिंत आधी पिवळी झाली, मग बारीक बारीक ठिपके आले, मग कानात सुंऽऽ असा आवाज, आणि कोणीतरी माझा दंड घट्ट पकडून "अगं बस बस, उठू नकोस, तिथेच बस" म्हणतंय एवढंच कळत होतं. त्या काकूंनी मला पायरीवरच बसवलं, डोकं गुडघ्यांत घालायला लावलं, कोणालातरी पाणी आणायला पिटाळलं आणि मी जरा भानावर आल्यावर विचारलं, "किती वेळ होतीस आत?" मी सांगितलं तर त्या हसल्याच. म्हणाल्या, "चांगलं वाटत असतानाच उठायचं असतं गं, वाईट वाटायची वाट नाही बघायची."

त्यानंतर बऱ्याच ठिकाणी गेलेय, काही चकाचक स्पा, काही नुसती दगडी कुंडं, आणि जे काही शिकले त्यातलं अर्धं या एका वाक्यात येतं. पण उरलेलं अर्धंही कामाचं आहे म्हणून सगळं लिहून काढतेय.

आधी तेव्हा झालं काय होतं ते सांगते, कारण हे कळलं की बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत. गरम पाण्यात बसलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त कातडीकडे धावतं, बीपी खाली येतं आणि ते सावरायला हृदय जोरात पळायला लागतं. आपण बसलेलो असतो तोवर पाण्याचा दाब पाय आणि पोट बाहेरून आवळून धरत असतो त्यामुळे रक्त वर ढकललं जातं आणि काही जाणवत नाही. उभं राहिलं की तो दाब सुटतो, सैल पडलेल्या नसांमध्ये रक्त खाली पायात साचतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. झालं, डोळ्यांपुढे अंधारी. दुसरी गोष्ट घामाची. घाम वाळतो तेव्हा शरीर गार होतं, पण पाण्याखाली घाम वाळणार कसा? म्हणजे घाम येतोय, शरीरातलं पाणी कमी होतंय, थंडावा मात्र शून्य, आणि आपण आधीच ओलेचिंब असल्यामुळे घाम आलाय हे कळतसुद्धा नाही. पाणी ३७ अंशांच्या वर असेल तर पाण्यात बुडालेल्या भागातून उष्णता बाहेर टाकायला वावच राहत नाही, ती आतच साठत जाते. म्हणून डोकं, मान, खांदे थोडे पाण्याबाहेर ठेवून बसणाऱ्याला जास्त वेळ झेपतं आणि गळ्यापर्यंत बुडून बसणाऱ्याला कमी.

आता जायच्या आधीचं. गरम झरा म्हणजे पाणी किती गरम हे नावावरून काहीच कळत नाही हं. जपानच्या १९४८ च्या कायद्यात तर जमिनीतून येणारं पाणी २५ अंशांचं असलं तरी त्याला गरम झरा म्हणतात, आणि ठरावीक खनिजं असतील तर तेवढंही लागत नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये अशी कुंडं आहेत की ज्यात पडून आजवर २० पेक्षा जास्त माणसं भाजून मेलीत. त्यामुळे फोन करून किंवा गेल्या गेल्या काउंटरवर विचारा की कुठलं कुंड किती अंशांचं आहे. ३६ ते ३८ म्हणजे कोमट ते सुखद, लांब गप्पा मारत बसायला हेच बरं. ३८ ते ४० म्हणजे खरी मजा, पण घड्याळ बघून. हॉट टबसाठी ४० ही मोठ्या माणसांची वरची मर्यादा मानतात, त्याच्या वरचं पाणी असेल तर दोन-चार मिनिटं फार झाली. ४२ च्या पुढचं असेल तर मी पाय बुडवते आणि पुढे जाते, मला तिथे काही सिद्ध करायचं नसतं.

कोणी जाऊच नये किंवा आधी डॉक्टरांना विचारून जावं याची यादी लांब आहे पण लोक ती बोर्डावर असूनही वाचत नाहीत म्हणून जरा खोलात लिहिते. हृदयाचा त्रास असेल, नुकताच अटॅक येऊन गेला असेल, बीपी कंट्रोलमध्ये नसेल किंवा उलट बीपी कायम लो असेल तर विचारल्याशिवाय नको. बीपीच्या गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, छातीत दुखण्यासाठीच्या नायट्रेटच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, यांचा आणि गरम पाण्याचा परिणाम एकमेकांत मिसळतो आणि चक्कर येण्याची शक्यता वाढते. डायबेटिस असेल तर दोन गोष्टी बघा, एक म्हणजे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पाणी भाजतंय हेच कळत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज पायाने नाही तर कोपराने घ्या किंवा सोबतच्याला घ्यायला सांगा. दुसरं म्हणजे उष्णतेने इन्सुलिन रक्तात लवकर भिनतं, नुकतंच इंजेक्शन घेऊन पाण्यात बसलं तर शुगर पटकन खाली येऊ शकते, आणि शुगर उतरल्याची थरथर आणि गरम पाण्याची गरगर यात फरक कळत नाही. अंगावर औषधाचा पॅच लावला असेल, विशेषतः दुखण्यासाठीचा फेंटानिलचा, तर गरम पाण्यात त्यातलं औषध भराभर आत जातं आणि ते जीवघेणं होऊ शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

गरोदर असाल तर पहिले तीन महिने तर गरम कुंड नकोच, शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या आसपास गेलं तर बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीला धोका असतो, आणि नंतरच्या महिन्यांतही डॉक्टरांना विचारूनच. पुरुषांसाठी पण एक आहे जे कोणी बोलत नाही, मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असतील तर वारंवार गरम पाण्यात बसणं टाळा, उष्णतेने शुक्राणूंची संख्या कमी होते, आणि ती परत यायला साधारण तीन महिने लागतात कारण नवे तयार व्हायलाच अडीच महिने जातात. पाच वर्षांखालची मुलं गरम कुंडात नकोत. त्याहून मोठी मुलं कोमट पाण्यात, थोडा वेळ, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. लहान अंग पटकन तापतं आणि मुलं स्वतःहून बाहेर पडत नाहीत, ती खेळत असतात. फिट येण्याचा त्रास असेल तर एकट्याने अजिबात नको.

ताप असेल, उघडी जखम असेल, नवीन टॅटू काढला असेल तर पुढे ढकला. टॅटू म्हणजे शेवटी जखमच आहे, दोन ते चार आठवडे बरी व्हायला द्या. जुलाब होत असतील तर तुमच्यासाठी नाही तर बाकीच्यांसाठी जाऊ नका, प्लीज. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू आहे तो क्लोरीनच्या पाण्यातसुद्धा कित्येक दिवस जिवंत राहतो, त्याचं इन्फेक्शन झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे कुठल्याच सार्वजनिक पाण्यात उतरायचं नसतं.

खाण्याचं सोपं आहे, भरल्या पोटी नको आणि उपाशीपोटी पण नको. जेवून तासभर तरी जाऊ दे. उतरायच्या आधी एक मोठा ग्लास पाणी, दोन फेऱ्यांच्या मधे परत, बाहेर आल्यावर परत. आणि दारू नाही. आधी नाही, पाण्यात तर नाहीच. दारूनेही नसा सैल पडतात, गरम पाण्यानेही पडतात, वर गुंगी येते, आणि गुंगी आलेल्या माणसाला बुडायला खोल पाणी लागत नाही. फोटोत ग्लास घेऊन कुंडात बसलेली माणसं छान दिसतात हे मान्य, पण फोटो काढून झाल्यावर काय झालं ते फोटोत नसतं.

बॅगेत काय घ्यायचं? दोन टॉवेल, रबरी चप्पल, केस बांधायला रबर, जुना स्विमसूट, साधं मॉइश्चरायझर, पाण्याची बाटली जी काचेची नाही. जुना स्विमसूट अशासाठी की गंधकाचा वास कपड्यात बसतो आणि लोह असलेल्या पाण्याने फिकट कापडावर तांबूस डाग पडतात ते जात नाहीत. दागिने घरी. माझी चांदीची अंगठी एकदा २० मिनिटांत काळीठिक्कर झाली, दुकानात जाऊन पॉलिश करून आणावी लागली. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा तो वास, तो चांदीशी मिळून चांदीवर काळा थर बसवतो. २४ कॅरेटच्या सोन्याला काही होत नाही पण त्यात तांबं-चांदी मिसळलेली असेल तर रंग बदलू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्सही काढून जा, लेन्सखाली पाण्यातला जंतू अडकला तर डोळ्याला भयंकर इन्फेक्शन होऊ शकतं.

आता शॉवर. इथे मी जरा कडक आहे. पाण्यात उतरायच्या आधी साबण लावून आंघोळ करायची, नुसतं अंगावरून पाणी ओघळवायचं नाही. आईसलँडमध्ये सार्वजनिक पूलला जाताना कपडे पूर्ण काढून साबणाने आंघोळ करायचा नियम आहे आणि चेंजिंग रूममध्ये माणसाचं चित्र लावून कुठले भाग नीट धुवायचे ते रंगवून दाखवलेलं असतं, डोकं, काखा, जांघा, पाय, म्हणजे कोणाला समजलं नाही असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही. मला हे फार आवडलं. कारण असं आहे की बऱ्याच नैसर्गिक कुंडांत क्लोरीन घालत नाहीत किंवा अगदी कमी घालतात, वाहतं पाणी हीच काय ती सफाई, त्यात तुमचा घाम, डिओ, सनस्क्रीन, केसांचं तेल हे सगळं तुमच्यानंतर येणाऱ्याच्या अंगाला लागतं. क्लोरीन असेल तरी तेच, घाम आणि लघवीबरोबर क्लोरीन मिसळून जो डोळे चुरचुरवणारा वास येतो ना, ज्याला आपण "किती क्लोरीन टाकलंय" म्हणतो, तो खरं तर अस्वच्छ पाण्याचा वास असतो. आणि हो, मसाज बुक केला असेल तर आधी कुंड मग मसाज. तेलाने माखलेलं अंग घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांकडे बाकीचे कसे बघतात ते एकदा बघा. शॉवर झाल्यावर साबण पूर्ण धुऊन टाका, कुंडात फेस यायला नको.

उतरताना उडी नाही, धावत नाही. खनिजांच्या थराने आणि शेवाळाने पायऱ्या गुळगुळीत झालेल्या असतात, कठडा असेल तर धरा, नसेल तर बसूनच सरका, लाज कसली त्यात. आधी पाय, मग थोडं पाणी हातात घेऊन मांड्या, पोट, हात, खांद्यांवर घ्या, मग कमरेपर्यंत बसा, एक-दोन मिनिटांनी छातीपर्यंत. हे हळूहळू करणं नाजूकपणा नाही, रक्तवाहिन्यांना सवय व्हायला वेळ लागतो. व्यायाम करून किंवा डोंगर चढून आला असाल तर आधी सावलीत बसा, दम पूर्ण खाली बसू दे, आधीच तापलेलं इंजिन गरम पाण्यात घालायचं नाही.

पहिली फेरी १० मिनिटं, फार तर १५. मग बाहेर, १० मिनिटं नुसतं बसायचं, पाणी प्यायचं. मग वाटलं तर दुसरी फेरी. अशा दोन, तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या. सलग बसून राहण्यापेक्षा असं तुकड्या-तुकड्याने केलं तर दिवस पण छान जातो आणि संध्याकाळी डोकं दुखत नाही. घड्याळ दिसत नसेल तर अंगाकडे लक्ष द्या, ठोके कानात ऐकू यायला लागले, तोंड लालबुंद झालं, उगाच अस्वस्थ वाटलं, मळमळलं, किंवा शेजारचा काय बोलतोय ते एकदा ऐकून कळलं नाही, यातलं काहीही झालं की उशीर झालेलाच आहे, निघा. निघताना काठाजवळच्या पायरीवर बसा, पाय पाण्यात, धड बाहेर, मिनिटभर पोटऱ्या हलवा, मग कठडा धरून उभे राहा. कोणाला घेरी आली तर बाहेर काढून आडवं करा, पाय थोडे उंच, शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी, आणि स्टाफला बोलवा. मिनिटभरात भान आलं नाही, छातीत दुखतंय म्हणाला, बोलणं अडखळायला लागलं, तर वाट बघत बसू नका, सरळ अँब्युलन्स.

गरमातून उठून थेट बर्फाळ पाण्यात उडी मारायची फॅशन आहे सध्या. निरोगी तरुण माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, पण गार पाण्याने नसा एकदम आवळतात, बीपी उसळतं, आणि आपसूक जोरात श्वास आत ओढला जातो, त्यावेळी तोंड पाण्याखाली असेल तर काय होईल विचार करा. करायचंच असेल तर पायापासून सुरुवात करून हळू उतरा, डोकं वर. हृदयवाल्यांनी हे सोडूनच द्या.

डोक्यावरून आठवलं, नैसर्गिक गरम पाण्यात डुबकी मारायची नाही. हा नियम मी कोणाच्याही भिडेखातर मोडत नाही. नेग्लेरिया फाऊलेरी नावाचा अमिबा गरम गोड्या पाण्यात असतो, ४६ अंशांपर्यंत आरामात वाढतो. पाणी गिळलं तर तो काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूत पोचतो आणि मग वाचणारी माणसं जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत. हे फार दुर्मिळ आहे, घाबरून जाणंच बंद करावं असं अजिबात नाही, पण टाळायचा उपाय इतका सोपा आहे की न करण्याला कारण नाही, नाक पाण्याबाहेर ठेवा. इंग्लंडमधल्या बाथ शहरात रोमन काळापासून गरम झऱ्याची स्नानगृहं आहेत, तिथे झऱ्याचं पाणी सोडलेल्या तलावात पोहलेली एक मुलगी १९७८ मध्ये याच संसर्गाने गेली आणि तिथलं पोहणं बंद झालं, पुढे २००६ मध्ये वेगळ्या सोयीने नवा स्पा सुरू झाला. रोमन कुंडात आजही उतरू देत नाहीत. तळाचा गाळ ढवळायचा नाही तो पण यासाठीच, हा अमिबा गाळात असतो. आणि मुलांना तोंडावर पाणी उडवायचा खेळ खेळू देऊ नका.

पाण्यात बसल्यावर वागायचं कसं हे खरं तर एका ओळीत होतं, समोरचा इथे शांत बसायला आलाय असं समजून वागा. पण तेवढ्याने भागत नाही असा अनुभव आहे. मोबाइल लॉकरमध्ये ठेवा. तुम्ही स्वतःचाच फोटो काढत असाल पण मागे ओल्या अंगाने बसलेली बाई तुमच्या फोटोत येते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी पाण्याच्या आसपास फोटोला बंदीच असते. आवाज खाली, कुंडाच्या भिंतींमुळे कुजबुजसुद्धा पलीकडे ऐकू जाते, घरचं भांडण तिथे सोडवू नका. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, काठावर ठेवा. केस बांधून ठेवा. पाय ताणून मधे लोळायचं नाही, कडेला बसा. नखं कापणं, टाच घासणं, दाढी करणं, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, कृपया नको. पाण्याचा नळ किंवा झोत जिथून येतो ती जागा सगळ्यात गरम असते आणि सगळ्यात हवीहवीशी पण, तिथे पाच मिनिटं बसून दुसऱ्याला द्या. कोणाच्या अंगाकडे बघत बसायचं नाही, अंगावरच्या डागांबद्दल किंवा ऑपरेशनच्या खुणेबद्दल विचारायचं नाही. कपडे घालून जायचं की नाही, टॅटू चालतो की झाकावा लागतो, बायका-पुरुष एकत्र की वेगळे, हे सगळं ठिकाणागणिक बदलतं, त्यामुळे बोर्ड वाचा आणि नसेल पटत तर दुसरीकडे जा, काउंटरवरच्या पोरीशी हुज्जत घालून काही होत नाही, नियम तिने केलेले नसतात. पाळीत जायचं का हा प्रश्न खूप जणी हळूच विचारतात, टॅम्पॉन किंवा कप वापरून वैद्यकीयदृष्ट्या काही अडचण नाही, पण त्या दिवसात आधीच थकवा असेल तर वेळ कमी ठेवा.

एक वाद नेहमी होतो की बाहेर आल्यावर अंगावरचं खनिजांचं पाणी धुवायचं की तसंच राहू द्यायचं. सौम्य पाणी असेल आणि कातडी धडधाकट असेल तर नुसतं टिपून घेतलं तरी चालतं, पण पाणी आंबट किंवा जास्त गंधकाचं असेल, किंवा तुमची कातडी पटकन लाल होणारी असेल, तर साध्या पाण्याने धुवाच. केस तर धुवाच धुवा. आईसलँडच्या ब्लू लगूनमध्ये पाण्यातल्या सिलिकाने केस इतके राठ होतात की उतरायच्या आधीच कंडिशनर थापून केस वर बांधायला सांगतात, ही युक्ती कुठल्याही खनिजवाल्या पाण्याला चालते. मॉइश्चरायझर अंग किंचित ओलसर असतानाच लावा. आणि ओला स्विमसूट लगेच बदला, त्यात तासभर बसून राहिलं की केसांच्या मुळांशी लाल खाजरे पुरळ उठू शकतात, सुडोमोनास नावाच्या जंतूमुळे होतात, सहसा आठवडा-दहा दिवसात आपोआप जातात पण तोवर बसवत नाही. पुरळ वाढले, पू झाला, ताप आला तर डॉक्टर.

तापावरून अजून दोन. वाफेने कोंदलेल्या, वारा नसलेल्या खोलीत किंवा फवारे उडणाऱ्या टबात लीजनेला नावाचे जंतू बारीक तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतात, पन्नाशी उलटलेल्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना, दमेकऱ्यांना जास्त धोका. पाण्याच्या कडेला बोट फिरवून बघा, बुळबुळीत थर लागला तर तिथली सफाई ढिली आहे. तिथून गेल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप किंवा ताप, जोराची डोकेदुखी, मान आखडणं असं काही झालं तर डॉक्टरांना "मी गरम पाण्याच्या कुंडात बसलो होतो" हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही आणि त्यावर तपासण्या ठरतात.

आडरानातल्या झऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे बोर्ड नाही, थर्मामीटर नाही, स्टाफ नाही. तीन फुटांच्या अंतरावर पाणी कोमटावरून भाजणारं होऊ शकतं. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदात खोलवर भाजते, म्हणजे पाय घसरून पडला आणि उठला एवढ्यात काम झालं. काठावरची पांढरी, पिवळी पपडी वरून दगडासारखी दिसते पण खाली पोकळ असू शकते, मळलेल्या वाटेवरूनच चाला. आणि वासावर भरवसा ठेवू नका. गंधकाचा वास येतोय येतोय आणि एकदम यायचा बंद झाला तर बरं झालं असं वाटतं, पण हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. तो हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचतो, तेव्हा खड्ड्यात, गुहेत, बंदिस्त खोपटात वाकून बसू नका. विजा चमकायला लागल्या तर पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत नको.

सांधे, पाठ, आखडलेले खांदे यांना आराम पडतो हे खरंच आहे, उष्णतेने स्नायू सैल होतात आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं तर अंगाचं वजन जेमतेम दहावा हिस्सा पायांवर येतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती थोड्या वेळाची सुट्टी मोठी असते. पण कुंडात बसून गोळ्या सुटतात असं सांगणारा भेटला तर मान डोलवा आणि गोळी वेळेवर घ्या. झोपेसाठी मात्र मी आवर्जून संध्याकाळची वेळ घेते, झोपायच्या एक-दोन तास आधी. गरम पाण्यातून आल्यावर शरीर उष्णता बाहेर टाकून आतून गार व्हायला लागतं आणि तेच झोप यायला हवं असतं. अगदी झोपायच्या तोंडावर केलं तर उलट तळमळत पडायला होतं.

आणि परत जाताना गाडी तुम्हीच चालवणार असाल तर कपडे बदलल्या बदलल्या किल्ली फिरवू नका. अर्धा तास बसा, पाणी प्या, काहीतरी खा. मी त्या पहिल्या वेळी चक्कर येऊन गेल्यावर अर्ध्या तासात "आता ठीक आहे" म्हणून स्टिअरिंगवर बसणार होते, त्या काकू पार्किंगमध्ये दिसल्या, काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं. मी ती मैत्रिणीला दिली.